बांधकामाच्या साइटवरचा कचरा नीट कसा हाताळायचा?

आधी ढीग वेगळे करा: राडारोडा, लोखंड, लाकूड, प्लास्टिक-पुठ्ठा, आणि रंग-थिनरचे डबे सगळ्यांपासून लांब. निव्वळ विटा-काँक्रीट असेल तर ते क्रश करून भरावाला किंवा रस्त्याच्या खालच्या थराला चालतं. त्यात पीओपी, जिप्समचे तुकडे मिसळले की तो माल कोणी घेत नाही.

पण खरी बचत कचरा होण्याआधीच असते. सळई साधारण 12 मीटरची येते. तिच्यातून 5 मीटरचे दोन तुकडे कापले की 2 मीटर उरतात आणि भंगारात जातात. कापायला बसण्याआधी यादी काढली, तर व्यास जुळेल तिथे तेच तुकडे लिंटेलला (दार-खिडकीवरची तुळई), चेअरला (वरच्या सळया उचलून धरणारा सळईचा आधार) लागतात. टाइल्सचंही तसंच. सिमेंटच्या गोण्या फळ्यांवर रचा, आधी आलेली आधी वापरा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात (मीही विसरायचो): मिक्सर धुतलेलं पाणी. त्याचा पीएच 12 च्या आसपास असतो, म्हणजे ते खूप अल्कधर्मी असतं, गटारात सोडू नका. खड्ड्यात जाड प्लास्टिक अंथरून साठवा, गाळ बसू द्या. तो घट्ट झाला की राडारोड्यात टाका. वरचं निवळ पाणी पुन्हा मिक्सर धुवायला घ्या.

आणि रंग दिलेलं लाकूड शेकोटीत घालू नका.