क्वांट फायनान्स : अमेरिकेतील प्रवेश स्वीकारावा की एम.स्टॅट.साठी थांबावे?

तुमचा प्रश्न मला असा समजला. सांख्यिकी घेऊन रुईयातून बी.एस्सी., त्यानंतर दोन वर्षे नोकरी आणि आता अमेरिकेत दोन ठिकाणी प्रवेश. पहिला अभ्यासक्रम सोळा महिन्यांचा, लहान वर्गाचा, मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप असलेला. दुसरा न्यूयॉर्कमधला, ऑगस्टमध्ये सुरू होऊन वर्षभरात संपणारा, मोठ्या वर्गाचा, पण क्रमवारीत वरचा. तिसरा पर्याय कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे एम.स्टॅट. (सांख्यिकीतील मास्टर्स), ज्याची प्रवेश परीक्षा अमेरिकेत जागा राखण्यासाठी भरायच्या डिपॉझिटची मुदत उलटून गेल्यावर आहे. डेरिव्हेटिव्हच्या (शेअर, व्याजदर अशा दुसऱ्या गोष्टीवरून ज्यांचे मूल्य ठरते त्या करारांच्या) किमती काढणाऱ्या मॉडेलांवर काम करण्याची तुमची इच्छा आहे.

मी अकरा वर्षे एका परदेशी बँकेच्या गोरेगाव येथील कार्यालयात मॉडेल व्हॅलिडेशन करतो. ट्रेडिंग डेस्कच्या, म्हणजे खरेदी-विक्री करणाऱ्या गटाच्या, क्वांटांनी (गणिती मॉडेले करणाऱ्यांनी) बांधलेले मॉडेल कोणत्या गृहीतकांवर उभे आहे आणि कुठे कोसळेल, हे स्वतंत्रपणे तपासून लिहून देणे हे माझे काम. (नातेवाइकांची अजूनही समजूत आहे की मी शेअर निवडतो.) त्यापूर्वी, २०१३ साली, मीही असाच एक मोठ्या वर्गाचा महागडा अभ्यासक्रम अमेरिकेत केला. क्रमवारी पाहून तो निवडला होता, आणि जी गोष्ट तेव्हा मला कोणी सांगितली नाही तीच आधी सांगतो.

अमेरिकेतील मोठ्या बँकांच्या उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखती आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत सुरू होतात आणि पूर्णवेळ नोकऱ्यांपैकी बऱ्याचशा त्या इंटर्नशिपमधूनच भरल्या जातात. म्हणजे ऑगस्टमध्ये विमानातून उतरलेला विद्यार्थी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन चाचण्या देत असतो. तोवर वर्गात स्टोकॅस्टिक कॅल्क्युलसमधले (यादृच्छिक बदलांच्या कलनशास्त्रातले) पायाभूत इटोचे सूत्रही फळ्यावर आलेले नसते. त्या मुलाखतीत सशर्त संभाव्यता, मार्टिंगेल, आयगेन व्हॅल्यू आणि सी प्लस प्लस किंवा पायथॉन यांवर जे विचारतात, ते तुम्ही मुंबईहून सोबत नेलेले असते. माझ्याजवळ ते अर्धेच होते. पहिल्या दोन महिन्यांत ज्या वर्गमित्रांना इंटर्नशिप मिळाली, त्यांतील बहुतेकांचे स्टोकॅस्टिक कॅल्क्युलस अमेरिकेत येण्यापूर्वीच शिकून झालेले होते.

म्हणून अभ्यासक्रमाची लांबी आणि सुरू होण्याचा महिना या गोष्टी मला क्रमवारीपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा एम.एस.सी.एफ. (कम्प्युटेशनल फायनान्समधील मास्टर्स) ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढल्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये संपतो आणि मधला उन्हाळा इंटर्नशिपसाठी मोकळा राहतो. बर्कलीचा एम.एफ.ई. (फायनान्शियल इंजिनिअरिंगमधील मास्टर्स) वर्षभराचाच आहे, पण तो मार्चमध्ये सुरू होत असल्यामुळे शरद ऋतूपर्यंत शिकून झालेले असते आणि इंटर्नशिपलाही जागा मिळते. तुमच्या दुसऱ्या पर्यायात या दोन्ही सोयी नाहीत.

आता प्लेसमेंट अहवालाविषयी. तो मॉडेलसारखा तपासावा, आणि आधी छेद, म्हणजे टक्केवारी किती जणांमागे काढली आहे ते, पाहावा. समजा वर्गात १०० जण आहेत. २० जणांनी काहीच कळवले नाही, १० जणांना 'नोकरी शोधत नाहीत' या रकान्यात टाकले, आणि उरलेल्या ७० पैकी ६३ जणांना नोकरी लागली. अहवालात '९० टक्के' असे छापले जाईल आणि ते खोटेही नसेल. परंतु पूर्ण वर्गाच्या हिशेबाने ते ६३ टक्के होतात. त्यानंतर किती नोकऱ्या अमेरिकेतच लागल्या आणि किती जण मायदेशी परतले ते पाहावे. पदनामेही वाचावीत, कारण डेस्क क्वांट, मॉडेल रिस्क आणि साधे रिपोर्टिंग ही कामे एकाच 'क्वांटिटेटिव्ह अॅनालिस्ट' या नावाखाली सुखाने नांदतात. सरासरी पगाराऐवजी मध्यक मागावा, हे सांख्यिकीच्या विद्यार्थिनीला मी सांगण्याची गरज नाही.

अभ्यासक्रम ताजा आहे की जुन्याच टिपणांवर चालला आहे, हे ओळखण्यासाठी मी व्याजदर डेरिव्हेटिव्हच्या विषयाची रूपरेषा पाहतो. डॉलर लायबोरचे (बँकांनी एकमेकींना द्यायच्या कर्जाच्या संदर्भ दराचे) प्रकाशन नियमित स्वरूपात ३० जून २०२३ रोजी थांबले आणि त्याची जागा सोफरने (सरकारी रोख्यांच्या तारणावरील एका रात्रीच्या कर्जांच्या दराने) घेतली. लायबोरचा दर व्याजकाळाच्या आरंभीच ठरत असे. रोजच्या चक्रवाढीने काढलेला सोफर काळ संपतानाच पूर्ण कळतो, त्यामुळे कॅपलेटच्या (व्याजदर ठरलेल्या मर्यादेवर गेल्यास पैसे देणाऱ्या कराराच्या) किमतीचे गणितच बदलते. ज्या रूपरेषेत आजही सगळी मांडणी लायबोरवर आहे, तिथे प्राध्यापक किती वर्षांपूर्वी डेस्कवरून उठले असतील याचा अंदाज येतो. ऑप्शनची किंमत काढणाऱ्या ब्लॅक-शोल्स मॉडेलचे (१९७३) महत्त्व वादातीत आहे, पण स्थानिक आणि स्टोकॅस्टिक व्होलॅटिलिटी (चढउतार स्थिर न मानणारी मॉडेले), कॅलिब्रेशन (मॉडेल बाजारभावांशी जुळवणे) आणि प्रतिपक्षाच्या जोखमीचे (समोरचा पक्ष पैसे बुडवण्याच्या धोक्याचे) समायोजन यांना किती तास दिले आहेत ते मोजा.

पैशांचे सांगतो. उदाहरणादाखल ७० लाखांचे कर्ज, व्याज साडेदहा टक्के, मुदत दहा वर्षे धरली, तर मासिक हप्ता सुमारे ९४,५०० रुपये होतो. शिकत असतानाच्या काळातले व्याज वेगळे. न्यूयॉर्कच्या पगारावर हा हप्ता जड नाही, मुंबईच्या पहिल्या पगारावर मात्र तो जवळजवळ पेलवत नाही. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वर्गात मोडत असेल तर १२ अधिक २४ असे ३६ महिने ओ.पी.टी.वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या परवानगीवर, काम करता येते. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लागतो, ज्याची वार्षिक मर्यादा अमेरिकेतील मास्टर्सधारकांच्या २०,००० जागा धरून ८५,००० आहे आणि निवड सोडतीने होते. सोडतीत नाव आले नाही तर हप्ता रुपयांत कमवून भरावा लागेल, हे धरूनच कर्जाची रक्कम ठरवावी. वडिलांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली आहेत असे तुम्ही लिहिले आहे. घर तारण ठेवण्याआधी ही आकडेमोड त्यांच्यासमोर कागदावर करा.

एम.स्टॅट.ला तुम्ही 'पडल्यास आधार' म्हणून पाहत आहात असे वाटले. तिथे शिक्षण शुल्क नाही, उलट स्टायपेंड मिळतो, आणि संभाव्यतेची तयारी इतकी पक्की होते की आमच्या मुलाखतींमध्ये तिथले उमेदवार सहसा मागे पडत नाहीत. उणीव एवढीच की फायनान्स आणि सी प्लस प्लस बरेचसे स्वतःच शिकावे लागते. मुंबईतील परदेशी बँकांच्या कार्यालयांत आता निव्वळ आकडे जुळवण्याचे काम चालत नाही. किंमत-मॉडेले बांधणारे आणि तपासणारे गट इथे आहेत, जरी लंडनच्या वेळेमुळे रात्री नऊची लोकल नेहमीची होत असली तरी. जी मॉडेले तुम्हाला करायची आहेत त्यांची दारे कोलकात्याहूनही उघडतात, थोडी उशिरा.

माझा कौल असा : दुसरा पर्याय आजच सोडा. पहिल्या अभ्यासक्रमाच्या कार्यालयाला पत्र लिहून मागील दोन तुकड्यांची एकूण विद्यार्थिसंख्या, अमेरिकेत नोकरी लागलेल्यांची संख्या आणि डिपॉझिट परत मिळण्याचे नियम विचारा. आकडे पटले आणि कर्ज ४० लाखांच्या आत बसत असेल तर डिपॉझिट भरा, आणि तरीही एम.स्टॅट.ची परीक्षा द्या. कर्ज त्याहून मोठे होत असेल तर मी तुमच्या जागी डिपॉझिट न भरता परीक्षेच्या तयारीला लागलो असतो. दोन्ही वाटांवर ऑगस्टपर्यंत करायचे काम एकच आहे : सशर्त अपेक्षा आणि ब्राउनियन गती यांवरची उदाहरणे रोज हाताने सोडवणे, आणि मॉन्टे कार्लोने (हजारो यादृच्छिक मार्ग घेऊन) एका बॅरियर ऑप्शनची (भाव ठरलेल्या पातळीला टेकताच सुरू किंवा रद्द होणाऱ्या ऑप्शनची) किंमत काढणारा प्रोग्राम कोणाचीही मदत न घेता लिहिणे.