जुन्या घराचा बॉयलर बदलताना: आधी बादली लावा, मग किलोवॅट ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरचं मनीषनगर सोडून इंग्लंडमधल्या लेस्टरला जाताय, १९३०च्या दशकातलं तीन बेडरूमचं जोडघर घेताय, बाथरूम एकच, माळ्यावर पाण्याच्या टाक्या, भिंतीवरच्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरवून घर उबदार ठेवणारा गॅसचा बॉयलर म्हातारा. तिथल्या फिटरने घर न बघताच ३५ किलोवॅटचा कॉम्बी, म्हणजे रेडिएटर आणि नळाचं गरम पाणी दोन्ही सांभाळणारा बॉयलर, सुचवलाय. घ्यावा का?

लगेच हो म्हणू नका. त्या ३५चा संबंध घर गरम करण्याशी नाही, आंघोळीच्या पाण्याशी आहे. अशा घराला कडाक्याच्या थंडीतही रेडिएटरसाठी बहुधा ६ ते १० किलोवॅट पुरतात. पण कॉम्बीत पाणी साठत नाही, नळ सोडला की तेवढ्यात तापवायचं असतं. हिवाळ्यात लाइनचं पाणी ५ अंशांपर्यंत उतरतं. ते ४०वर न्यायला मिनिटाच्या प्रत्येक लिटरमागे जवळपास अडीच किलोवॅट लागतात. म्हणजे २४चा कॉम्बी मिनिटाला साधारण १० लिटर देतो, ३०चा १२, ३५चा १४. लाइनलाच १० लिटर येत असेल तर वरचे किलोवॅट फुकट. नागपुरात बसूनच एजंटकडून हे करून घ्या: स्वयंपाकघरातला थंड नळ पूर्ण सोडून एक मिनिट बादली भरायची आणि लिटर मोजायचे. सोबत बॉयलरची पाटी, माळ्यावरच्या टाक्या आणि गॅस मीटरपासून निघणारा पाइप यांचे फोटो मागवा.

आपल्याकडे कूलर असो की एसी, "थोडा मोठाच घ्या" म्हणतात. इथे तो सल्ला उलटा पडतो. थंडी कमी असताना घराला ४ किलोवॅटच हवेत आणि बॉयलर ७च्या खाली उतरतच नसेल, तर तो सारखा पेटतो-विझतो; गॅस वाया जातो, सुटे भाग झिजतात. म्हणून कमाल आकड्याइतकाच किमान आकडा विचारा. ३०चा कॉम्बी ३पर्यंत उतरत असेल तर उत्तम. शिवाय रेडिएटरसाठीची कमाल मर्यादा सेटिंगमधून खाली आणता येते. ती आणून घ्या.

कंडेन्सिंग बॉयलरची (धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणाऱ्या बॉयलरची) बचत मिळते ती रेडिएटरमधून परतणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तरच. फिटर बऱ्याचदा रेडिएटरला जाणारं पाणी ७५-८०वर लावून निघून जातात. कॉम्बीला ६०च्या आसपास आणा. एखादी खोली गरम होत नसेल तर तिथला रेडिएटर मोठा करा.

आता खरी मेख: जुनं पाइपिंग. माळ्यावरच्या टाकीवर चालणारी यंत्रणा कमी दाबाची असते. कॉम्बी बसवला की ती हवाबंद होते आणि १ ते १.५ बार दाबावर चालते. मग जुने व्हॉल्व्ह, सांधे गळू शकतात. दाबाचा काटा दर आठवड्याला उतरत असेल तर नुसतं पाणी भरत राहू नका. नव्या पाण्यासोबत ऑक्सिजन येतो आणि गंज वाढतो. रेडिएटर वर गरम, खाली थंड म्हणजे आत गाळ. उलट असेल तर हवा. नवा बॉयलर जोडण्याआधी यंत्रणा धुऊन घ्या, परतीच्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर आणि पाण्यात गंजरोधक घालून घ्या. हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसेल तर नवा बॉयलर जुन्याच काळ्या पाण्यात बसणार. पाइप फारच जीर्ण असतील तर टाकीवर चालणारा नवा बॉयलरही मिळतो, त्यात कमीपणा काही नाही. पुढे दुसरं बाथरूम काढायचं असेल तरीही गरम पाणी साठवणारा सिलिंडर ठेवलेला बरा.

गॅसचा पाइप १५ मिलिमीटरचा असेल तर मोठ्या कॉम्बीला बऱ्याचदा २२चा टाकावा लागतो, कारण मीटरपासून बॉयलरपर्यंत दाब १ मिलिबारपेक्षा जास्त पडता कामा नये. कंडेन्सेटचा, म्हणजे धुरातल्या वाफेपासून झालेल्या पाण्याचा, पाइप शक्यतो घरातल्या घरात सांडपाण्याला जोडा. बाहेरून नेलाच तर ३२ मिलिमीटरचा, इन्सुलेशन गुंडाळून. नाहीतर जानेवारीत गोठतो आणि बॉयलर बंद पडतो. तेव्हा कोमट पाणी ओता, उकळतं नाही.

सही करण्याआधी हीट पंपाचंही (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणाऱ्या यंत्राचंही) कोटेशन मागवा, इंग्लंडमध्ये त्यावर ७,५०० पौंडांचं सरकारी अनुदान आहे. बॉयलरच ठरला तर फिटरचं गॅस सेफ कार्ड (गॅसच्या कामासाठीच्या नोंदणीचं ओळखपत्र) मागच्या बाजूनेही बघा; कोणत्या कामाची परवानगी आहे ते तिथे असतं. कामानंतर बिल्डिंग रेग्युलेशन्सचं (बांधकाम नियमांचं) प्रमाणपत्र येतं, ते घराच्या कागदांत ठेवा, कारण घर विकताना वकील ते मागतो.