टाळी नाही, सम नाही, मग ऐकायचं कसं?

प्रश्न : मैत्रिणीबरोबर पुण्याच्या कॅथेड्रलमध्ये मिस्साला, म्हणजे तिथल्या उपासनेला, गेले होते. वृंद लॅटिनमध्ये गात होता. तबला नाही, सम सापडेना. चौघं चार चाली गातात, तरी बेसूर होत नाही! गाणं संपल्यावर मी टाळी वाजवली, बाकी सगळे गप्प. हे संगीत ऐकावं कसं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : टाळीचं मनाला लावून घेऊ नका, ताई. पसायदान संपल्यावर आपण टाळ्या वाजवतो का? तिथलं गाणंही मागणंच असतं.

मी मिरजेची. शेजारी तंबोऱ्याची जवारी काढत, ते ऐकत वाढले. पुण्यात शिकताना तीन वर्षं क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायनवृंदात, आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गायले. पहिला महिनाभर माझेही कान समच शोधत होते.

ग्रेगोरियन गायनात, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनात, सगळे एकच चाल गातात. ताल नसतो, शब्द जसा उच्चारावा तशी लय. तुम्ही ऐकलंत ते त्याच्या पुढचं, बहुस्वरी गायन. सोप्रानोनं (बायकांच्या वरच्या आवाजानं) उचललेली ओळ थोड्या वेळानं टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) धरतो, तोवर सोप्रानो पुढं गेलेली असते. खाली बेस, पुरुषांचा खालचा आवाज. पॅलेस्ट्रिना या इटालियन संगीतकाराचा पोप मार्सेलसच्या नावाचा मिस्सा (उपासनेतल्या प्रार्थनांची संगीतरचना) १५६७ मध्ये छापला गेला. त्यात सहा आवाज आहेत, तरी ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताचे शब्द स्वच्छ कळतात, कारण तिथं बरेच आवाज एकेक अक्षर एकदमच उच्चारतात. ही किमया मला अजून थक्क करते.

आधी शब्द पाठ करा. ‘किरिए एलेइसोन’, म्हणजे ‘प्रभू, दया कर’. लॅटिन मिस्सातले हे शब्द मुळात ग्रीक. मग हेडफोन लावून फक्त बेस ऐका, खर्ज ऐकतो तसा. दुसऱ्या खेपेला आल्टो. ती मधे दडलेली असते, पण ती गेली की सगळं पोकळ वाटतं. (आल्टो होते म्हणून म्हणत नाही, करून बघा.)

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेनं) १९६३ मध्ये एका दस्तऐवजानं लोकभाषांना वाट मोकळी केली, म्हणून आज मराठी मिस्सात पेटी-तबलाही असतो. तोही मला प्रिय आहे. पण त्याच दस्तऐवजानं ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान दिलं, हे आमच्याकडं पुष्कळदा विसरलं जातं, त्याचं वाईट वाटतं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या रविवारी ‘ग्लोरिया’ गात नाहीत. ईस्टरच्या आदल्या रात्री घंटा वाजतात आणि ते सुरू होतं. त्या रात्री पुन्हा जा, मागच्या बाकावर बसा.