‘दिल्ली-६’ या हिंदी चित्रपटातला काळा बंदर शेवटी असतो तरी कोण? नायक रोशन मरतो की वाचतो?

काळा बंदर कुणी एक माणूस नाही. मे २००१ मध्ये दिल्लीत ‘मंकी मॅन’ची, म्हणजे माकडासारख्या हल्लेखोराची अफवा खरोखरच पसरली होती, ती कल्पना राकेश ओमप्रकाश मेहरा यांनी २००९च्या या चित्रपटात वापरली.

अफवा कशी वाढते ते नीट पाहा. आधी घरातल्या चोऱ्या आणि गेलेली वीज बंदराच्या नावावर जाते. मग बंदर मंदिराजवळचा की मशिदीजवळचा, हा वाद पेटतो आणि एकत्र नांदणारी गल्ली दोन बाजूंना उभी राहते. आजीला तिच्या मातीत घेऊन आलेल्या रोशनचे वडील हिंदू, आई मुसलमान. त्यामुळे दोन्हीकडे तो परकाच! गल्लीत लोकांपुढे आरसा धरत फिरणाऱ्या फकिराचा तो आरसा हेच उत्तर आहे: बंदर प्रत्येकाच्या आत आहे.

शेवटी, जिच्यावर त्याचे प्रेम आहे त्या बिट्टूला पळून जाण्यापासून अडवायला रोशन माकडाचा मुखवटा घालतो आणि जमाव त्यालाच बंदर समजतो. त्याला गोळी लागते. थिएटरमधल्या आवृत्तीत तो वाचतो; नंतर व्हेनिस महोत्सवात दाखवलेल्या आवृत्तीत मरतो. मला दुसराच शेवट पटतो, कारण पहिल्यात जमावाची सुटका फार लवकर होते.

पुन्हा पाहाल तेव्हा दोन गोष्टींकडे लक्ष द्या: कथेला समांतर चालणारी रामलीला आणि अतुल कुलकर्णींचा गोबर. भोळा म्हणून सगळे त्याला हिणवतात, पण बंदराचे केस म्हणून तो जलेबी नावाच्या सफाई करणाऱ्या बाईचे केस आणतो, तो प्रसंग अजिबात चुकवू नका.