दृश्य प्रकाश २०० नॅनोमीटरपेक्षा लहान ठिपक्यात एकवटता येतो का?
येतो, पण साध्या भिंगाने नाही. प्रकाशाचा ठिपका किती लहान होऊ शकतो याची भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅबेने १८७३ साली सांगितलेली मर्यादा, साधारण अर्धी तरंगलांबी, दूरवर जाणाऱ्या लहरींची आहे. धातूला चिकटून राहणाऱ्या विद्युतक्षेत्राला ती लागू नाही. सोन्याचे दोन सूक्ष्म त्रिकोण टोकासमोर टोक ठेवून, मध्ये २० नॅनोमीटरची फट सोडून मांडा. लेझर पडला की इलेक्ट्रॉन एका तालात हिंदकळतात, टोकांवर विद्युतभार साचतो आणि फटीतलं विद्युतक्षेत्र कैक पटींनी वाढतं. प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या विद्युतक्षेत्राच्या कंपनाची दिशा, मात्र दोन्ही टोकं जोडणाऱ्या रेषेतच हवं. फटीपासून काही दशक नॅनोमीटर दूर गेलात की खेळ खलास! शिवाय धातू तापतो, हे खरं दुखणं. 'हॅमर' (HAMR, उष्णतेच्या मदतीने चुंबकीय नोंद करणाऱ्या) हार्ड डिस्कमध्ये असाच धातूचा तुकडा लेझरची ऊर्जा डिस्कवरच्या इवल्याशा जागेत उतरवून ती तापवतो, मग तिथे बिट लिहिला जातो.