सर्वनाम कुठे अडखळते, ते पाहा

तुमच्या कथेतला रावेरचा केळीबागाईतदार सालदाराला, म्हणजे सालाने ठेवलेल्या शेतगड्याला, अखेरपर्यंत 'तू' म्हणतो, यात काही गैर नाही. पण त्याच सालदाराचा मुलगा तलाठी होऊन बांधावर उभा राहतो, तेव्हा 'तू' तोंडातून निघत नाही आणि 'तुम्ही' म्हणवत नाही, म्हणून बागाईतदार सर्वनाम गाळून 'कधी येणं झालं?' असे विचारील, आणि तेवढ्यात त्याचा स्वभाव उघडा पडेल. हा प्रसंग तुम्ही निवेदनात सांगून वाया घालवला आहे.

'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेदही वापरा: भावाशी बोलताना 'आम्ही विहीर खोदली' म्हणणाऱ्याने त्याला मनातल्या वाटणीतून आधीच वगळलेले असते. आजीच्या तोंडी अहिराणी या खानदेशी बोलीतले 'मना' (माझा), 'तुना' (तुझा) अवश्य येऊ द्या. मात्र नुसती चवीपुरती पेरलेली बोली मला तरी खटकते.