सहा महिने कांदेच सोलतोय, सोडून देऊ का?

"बारावी झाली, शेफ व्हायचं म्हणून हॉटेलात अप्रेंटिस लागला. सहा महिने झाले, नुसती सोलाकापी करतोय. वर्ष फुकट जाण्याआधी काढून घेऊ का त्याला?" हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी आईवडील विचारतात. उत्तर देताना मला एक मुलगा हमखास आठवतो. त्याचं नाव सांगत नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत.

वय १९, लालबागच्या चाळीत राहणारा. विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून लागला होता. ब्रेक शिफ्ट होती, म्हणजे सकाळी अकरा ते तीन आणि पुन्हा संध्याकाळी सात ते अकरा. कागदावर आठ तास. पण मधल्या वेळात घरी जाऊन येणं परवडत नाही, म्हणून तो लॉकर रूममधल्या बाकावर पडून राही. घरी पोचायला रात्रीचे साडेबारा वाजत. माझ्यासमोर बसल्या बसल्या त्याचे डोळे मिटत होते आणि बोटांना वास येईल म्हणून तो हात सारखे टेबलाखाली नेत होता.

पहिल्या भेटीत मी थकव्यावरच बोलत राहिले. झोप, जेवणाच्या वेळा, सुट्टीचा दिवस कसा घालवतोस, वगैरे. तो माना डोलावून गेला. दुसऱ्या भेटीत म्हणाला, "मॅडम, झोप झाली तरी दुसऱ्या दिवशी कांदेच असतात." तेव्हा मला कळलं की मी त्याचं नीट ऐकलंच नव्हतं. दमणुकीची त्याला तक्रार नव्हती. आपण कुठेच पोचत नाही आहोत, याची भीती होती.

मग मी त्याला म्हटलं, "मला कांद्याबद्दल सांग. मला काहीच माहीत नाही असं समज."

आधी तो अडखळला, पण एकदा सुरू झाल्यावर वीस मिनिटं बोलला. बिर्याणीच्या बिरिस्त्यासाठी, म्हणजे तळलेल्या कांद्यासाठी, तो उभा, एकसारखा पातळ चिरावा लागतो, जाड-पातळ झाला तर पातळ करपतो आणि जाड कच्चा राहतो. पावसाळी लाल कांद्यात पाणी जास्त, तो आधी मऊ पडतो आणि मग एकदम काळा होतो. उन्हाळी कांदा त्यापेक्षा सरळ वागतो. हवा तो रंग येण्याच्या जरा आधीच तो तेलातून काढायचा, कारण बाहेर काढल्यावरही तो स्वतःच्या उष्णतेने शिजत राहतो. सूपच्या बेससाठी वेगळा काप, सॅलडसाठी वेगळा. हिरव्या बोर्डावर भाजी, लाल बोर्डावर कच्चं मांस, आणि ते चुकलं तर सगळं टाकून पुन्हा सुरुवात.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. बघून बघून."

किचनची शिकवण बहुतेक अशीच असते. सर्व्हिस सुरू होण्याआधीच्या तयारीला ते लोक मीज म्हणतात, फ्रेंच 'मीज-आँ-प्लास'वरून. ती हातात बसल्याशिवाय कुणी गॅसवर उभं करत नाही. कॉमी म्हणजे मदतनीस आचारी, त्याच्या वर सीडीपी म्हणजे एका सेक्शनचा प्रमुख, मग सू-शेफ म्हणजे मुख्य शेफचा उजवा हात, अशी उतरंड असते आणि अप्रेंटिस सगळ्यांच्या खाली. त्यामुळे सहा महिन्यांत त्याने कमावलेलं बरंच काही त्याने स्वतःच हिशेबात धरलं नव्हतं.

पण एवढ्यावर त्याची समजूत घालून पाठवणं हा त्याच्यावर अन्याय झाला असता. मी त्याला करार आणायला सांगितला. १९६१ च्या अप्रेंटिसेस अ‍ॅक्टनुसार असा मुलगा शिकाऊ असतो, कामगार नव्हे. करार नोंदवलेला असतो, प्रगतीची नोंद ठेवणं मालकावर बंधनकारक असतं आणि वाद झाला तर सरकारने नेमलेल्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे दाद मागता येते. त्याच्या कागदांत वेगवेगळ्या सेक्शनमध्ये फिरवून शिकवायचं असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात सहा महिन्यांत तो भाजीच्या टेबलावरून हललाच नव्हता. म्हणजे त्याची तक्रार निम्मी खरी होती, आणि त्या निम्म्यासाठी तोंड उघडायला हवं होतं.

तीन आठवडे त्याने एक वही ठेवली. रोज तीनच ओळी: आज हातांनी काय केलं, डोळ्यांनी काय पाहिलं, कुणाला काय विचारलं. तिसरी ओळ पहिले दहा दिवस कोरी होती. मग आम्ही एक वाक्य घोकलं: "शेफ, माझ्या प्रगतीची नोंद मला बघायचीय, आणि पुढचं सेक्शन कधी मिळेल ते विचारायचंय." हे दुपारच्या सर्व्हिसनंतर, टेबलं पुसून झाल्यावर विचारायचं. ऑर्डरी सुटत असताना नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. कष्ट वेगळे आणि छळ वेगळा. कुणी हात उगारत असेल, भाजल्यावर औषधाला सोडत नसेल, विद्यावेतन अडवत असेल, तर "किचनमध्ये असंच चालतं" हे उत्तर ऐकून घेऊ नका. तिथे वही उपयोगाची नाही, तिथे मुलाला बाहेर काढायचं.

खरी गाठ मात्र घरी होती. त्याचे बाबा एकदाच आले आणि तेही चिडून. "कांदे सोलायला बारावी कशाला करायची? विद्यावेतन बघा काय मिळतं ते." (२०१९ साली ठरलेलं किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये होतं, तेव्हा तेही चुकीचं बोलत नव्हते.) मग थोडं थांबून म्हणाले, "माझ्या आईने जन्मभर दुसऱ्यांसाठी चूल फुंकली. आता मुलगाही तेच?"

त्यांची आई लालबागला खानावळ चालवायची. गिरणीतली बावीस माणसं तिच्याकडे जेवायला. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, तेव्हा अशा बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. तसं तिलाही मिळालं होतं. मग १९८२ चा गिरणी संप आला. जेवणारे गावी गेले, कित्येकांची उधारी तशीच राहिली. बाबांनी लहानपणी आईला रिकाम्या डब्यांसमोर बसलेलं पाहिलं होतं. दुसऱ्यासाठी रांधणं म्हणजे त्यांच्या मनात ते चित्र होतं.

मी त्यांना विचारलं, "आईंचा दिवस कसा असायचा?" पहाटे चारला स्टो पेटायचा. कोण पहिल्या पाळीचा, कोण रात्रपाळीचा, कुणाला भाकरी आणि कुणाला चपाती, सगळं तिच्या डोक्यात. रात्रीच पीठ चाळून, लसूण सोलून ठेवलेला. मुलगा एकदम म्हणाला, "बाबा, आजी मीज करायची." बाबांना शब्द कळला नाही. मुलाने समजावून सांगितला. मी मध्ये बोलले नाही.

शेफने आधी त्याला उडवून लावलं. दोन आठवड्यांनी त्याला थंड विभागात, सॅलड-सँडविचच्या टेबलावर टाकलं. गॅसवर उभं राहायला दहावा महिना उजाडला. वर्ष पूर्ण करून त्याने ते हॉटेल सोडलं आणि आता दुसऱ्या किचनमध्ये तो कॉमी आहे. ब्रेक शिफ्ट अजून सुटलेली नाही.

शेजाऱ्यांनी विचारलं तर बाबा अजून "हॉटेल लाइनमध्ये आहे" एवढंच सांगतात, शेफ म्हणत नाहीत. मुलाला ते लागतं. हे त्याने पुढच्या भेटीत बाबांच्या समोरच बोलायचं, असं आमचं ठरलंय.